मतपत्रिकेची मागची बाजू

२०१६ साली मिशिगन राज्यात डोनाल्ड ट्रम्प १०,७०४ मतांनी जिंकले. अठ्ठेचाळीस लाखांच्या आसपास मतं पडलेल्या राज्यात फरक एवढासा. आपल्याकडं विधानसभेच्या एकेका जागेवर याहून मोठं मताधिक्य घेऊन माणसं निवडून येतात. २०२० ला हेच राज्य जो बायडन यांनी दीड लाखाच्या फरकानं घेतलं. एकदा इकडं, एकदा तिकडं. त्यामुळं २०२४ साल उजाडलं तेव्हा डेट्रॉइटच्या वायव्येला असलेल्या आमच्या नोव्हाय गावात राहणाऱ्या प्रत्येकाचं मत एकदम मौल्यवान झालं होतं, आणि ते मौल्यवान आहे हे आम्हाला विसरू न देण्याची व्यवस्था दोन्ही पक्षांनी केली होती.

माझी नणंद न्यू जर्सीत असते. तिला हे सगळं सांगितलं की ती हसायची. तिच्याकडं अध्यक्षपदाच्या निवडणुकीत दार वाजवायला कुणी येत नाही, कारण तिथला निकाल काय लागणार हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. इथं राज्यात ज्याला एक मत जास्त, त्याला राज्याची सगळीच्या सगळी इलेक्टोरल मतं, म्हणजे ज्यांच्या बेरजेवर अध्यक्ष ठरतो ती. मिशिगनची १५. म्हणून आमच्या टपालपेटीत रोज गुळगुळीत कागदाचे गठ्ठे, टीव्हीवर बातम्यांच्या मधे जाहिरातींऐवजी जाहिरातींच्या मधे बातम्या, आणि फोनवर अनोळखी नंबरांवरून पहिल्या नावानं हाक मारणारे मेसेज. शनिवारी सकाळी पोहे फोडणीला टाकले की हमखास बेल वाजायची. दारात हातात फोन घेतलेली दोन कॉलेजची मुलं. त्यांच्या यादीत घरातल्या मतदारांची नावं, वयं असायची. नवऱ्याचं नाव ज्या तऱ्हेनं उच्चारलं जायचं ते इथं लिहिता येण्यासारखं नाही.

मी आणि नवरा २०२३ मध्ये नागरिक झालो. मतदार म्हणून नोंदणी करायला गेलो ते ड्रायव्हिंग लायसनच्या कार्यालयात. मिशिगनमध्ये गाड्यांची नोंदणी आणि निवडणुका ही दोन्ही खाती एकाच निवडून आलेल्या अधिकाऱ्याकडं असतात, सेक्रेटरी ऑफ स्टेटकडं. नागरिकत्वाचा कागद दाखवला, सही केली, काम झालं. आपल्याकडच्या निवडणूक आयोगासारखी देशभर एकच यंत्रणा इथं नाही. प्रत्यक्ष निवडणूक घेतात ते शहराचे किंवा टाउनशिपचे क्लार्क, आणि असे क्लार्क या एका राज्यात दीड हजाराहून अधिक आहेत. सुरुवातीला मला हे फार विस्कळीत वाटलं. एवढ्या मोठ्या देशाचा अध्यक्ष ठरणार, आणि कारभार गावच्या चावडीवर!

फेब्रुवारीतली प्रायमरी हा माझा पहिला अनुभव. भारतातल्या नातेवाइकांना मी ती अशी समजावते: पक्षाचं तिकीट कुणाला द्यायचं हे दिल्लीत न ठरता मतदारांनीच ठरवायचं, आणि त्यासाठी सरकारी खर्चानं रीतसर मतदान घ्यायचं. मिशिगनमध्ये मतदार कुठल्या पक्षाचा याची नोंदणी नसते. कुणीही कुठल्याही पक्षाच्या प्रायमरीत मत देऊ शकतं. फक्त त्या दिवशीच्या अर्जावर डेमोक्रॅटिक मतपत्रिका हवी की रिपब्लिकन, ते लेखी सांगावं लागतं. मत कुणाला दिलं ते गुप्त, पण कागद कुठल्या पक्षाचा घेतला याची नोंद राहते आणि ती इतरांना मागवता येते. आमच्या ओळखीतले काही जण केवळ याच कारणासाठी प्रायमरीला जात नाहीत. त्यांचं म्हणणं, ऑफिसातल्या कुणी बघितलं तर? मला ही भीती जरा जास्तच वाटते, पण व्हिसाच्या रांगेत आयुष्याची वीस वर्षं घालवलेल्या माणसाला प्रत्येक नोंद धोक्याची वाटते हेही खरं.

आम्ही दोघांनी घरातच वाटणी केली. मी डेमोक्रॅटिक कागद घेतला, त्यानं रिपब्लिकन. यामागं मोठी रणनीती नव्हती, दोन्ही कागद बघायची उत्सुकता होती आणि तसं करणं नियमात बसत होतं. २७ फेब्रुवारीचा मंगळवार. मिशिगनच्या फेब्रुवारीत जाकीट न घालता बाहेर पडता येईल असा दिवस क्वचित मिळतो, तो त्या दिवशी मिळाला. मतदान केंद्रात गर्दी अशी नव्हतीच. टेबलामागं बसलेल्या बाईंनी लायसन बघितलं, यादीत नाव शोधलं, मतपत्रिका एका जाड कागदी पाकिटात सरकवून दिली. उमेदवाराच्या नावाशेजारचा लंबगोल पेननं पूर्ण काळा करायचा आणि कागद स्वतःच्या हातानं मोजणी यंत्रात सोडायचा. यंत्र कागद गिळतं, पडद्यावरचा आकडा एकानं वाढतो. बस्स.

माझ्या कागदावर तीन माणसांची नावं होती, बायडन, डीन फिलिप्स, मेरिॲन विल्यमसन, आणि त्याखाली 'अनकमिटेड', म्हणजे यातल्या कुणालाच शब्द देत नाही. आपल्या 'नोटा'पेक्षा याला जास्त वजन आहे, कारण पुरेशी मतं पडली तर या मतांचे प्रतिनिधी उमेदवार ठरवणाऱ्या पक्षाच्या अधिवेशनात जाऊन बसतात. गाझातल्या युद्धावरून बायडन यांच्यावर चिडलेल्या लोकांनी त्या वर्षी याच ओळीसाठी प्रचार केला. आमच्यापासून अर्ध्या तासावरच्या डिअरबॉर्नमध्ये, जिथं अरब वंशाच्या लोकांची मोठी वस्ती आहे, तिथं तो सर्वांत जोरात होता. राज्यभरात एक लाखाहून जास्त लोकांनी ती ओळ काळी केली. बायडन जिंकले, ८० टक्क्यांहून जास्त मतं घेऊन, पण दुसऱ्या दिवशी चर्चा त्या एक लाखांचीच होती.

नवऱ्याच्या कागदावर गंमत वेगळी. ट्रम्प आणि निकी हेली होतेच, पण आधीच माघार घेतलेले रॉन डिसँटिस, ख्रिस ख्रिस्ती, विवेक रामस्वामी हेही छापलेले होते. नावं डिसेंबरातच पक्की झाली होती आणि शर्यतीतून बाहेर पडलं म्हणून छापलेलं नाव खोडता येत नाही. शिवाय त्याच्या मताची किंमत माझ्यापेक्षा कमी निघाली. मिशिगननं प्रायमरी फेब्रुवारीत आणली ती डेमोक्रॅट पक्षाच्या नव्या वेळापत्रकासाठी. रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय नियमांना ती तारीख मान्य नव्हती. मग त्यांनी तोडगा काढला: ५५ पैकी १६ प्रतिनिधी प्रायमरीच्या मतांवर ठरतील, उरलेले ३९ ग्रँड रॅपिड्सला भरणाऱ्या पक्षाच्या मेळाव्यात. हे त्याला मतदान करून आल्यावर कळलं. बराच वेळ तो स्वतःशीच पुटपुटत होता.

मग २१ जुलैला बायडन यांनी माघार घेतली. कमला हॅरिस उमेदवार झाल्या, त्या कुठल्याही प्रायमरीत मतदारांसमोर न जाता. हॅरिसबाईंच्या आई चेन्नईच्या असल्यामुळं आमच्या व्हॉट्सॲप गटांवर उत्साहाला भरती आली होती. तेवढ्यात कुणीतरी आठवण करून दिली की समोरच्या बाजूचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार व्हान्स यांच्या पत्नी उषा या तेलुगू घरातल्या आहेत, मग दोन दिवस त्यावर हाणामारी. मी मात्र फेब्रुवारीतला माझा कागद आठवत होते. त्यावरचं एकही नाव आता नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर येणार नव्हतं. हॅरिस यांच्या उमेदवारीला माझी हरकत नव्हती, पण ज्या प्रक्रियेचं मी भारतातल्या लोकांकडं कौतुक केलं होतं ती इतक्या सहज बाजूला सरकवता येते हे मला खटकलं आणि अजूनही खटकतं.

उलट दोन्ही मोठ्या पक्षांबाहेरून उभे राहिलेल्या रॉबर्ट केनेडी ज्युनिअर यांनी ऑगस्टमध्ये प्रचार थांबवून ट्रम्प यांना पाठिंबा दिला, मिशिगनच्या मतपत्रिकेवरून आपलं नाव काढा म्हणून कोर्टात धाव घेतली, थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत, आणि त्यांचं नाव राहिलंच. ऑगस्टमध्ये राज्यपातळीवरच्या पदांची आणखी एक प्रायमरी झाली. तीत दोन्ही पक्ष एकाच कागदावर शेजारी शेजारी असतात आणि दोन्ही रकान्यांत खुणा केल्या तर तो भाग बाद. ते उरकलं पाच मिनिटांत.

नोव्हेंबरची मतपत्रिका सप्टेंबरच्या अखेरीस घरी आली. नवऱ्यानं टपालानं मत द्यायचं ठरवलं होतं. २०१८ मध्ये लोकांनी थेट मतदानानं राज्यघटना बदलली, तेव्हापासून मिशिगनमध्ये टपाली मतासाठी कारण द्यावं लागत नाही. जेवणाच्या टेबलावर त्यानं ती उलगडली आणि मग तिथंच खरी निवडणूक सुरू झाली असं मला वाटतं.

वरचा डावा कोपरा सोपा होता. अध्यक्षपदाच्या जोड्या, दोन मोठ्या आणि काही छोट्या. वर्षभर आम्हाला भंडावून सोडलेल्या सगळ्या माणसांना, सगळ्या जाहिरातींना त्या दोन बोटं रुंदीच्या चौकटीपलीकडं फारसं काही माहीत नव्हतं. पण कागद दोन्ही बाजूंनी भरलेला होता. सिनेटर. काँग्रेसचा, म्हणजे इथल्या संसदेचा, प्रतिनिधी. राज्याच्या सभागृहाचा प्रतिनिधी. राज्य शिक्षण मंडळ. मिशिगन विद्यापीठ, मिशिगन स्टेट आणि वेन स्टेट या तिन्ही विद्यापीठांचे विश्वस्त, आठ-आठ वर्षांसाठी. विद्यापीठाची फी वाढली की आपण ज्यांना शिव्या घालतो ती माणसं आपणच निवडतो हे मला त्या टेबलावर कळलं. मग काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे, अधिकारी: सरकारी वकील, शेरीफ, खजिनदार, आणि जलसंपदा आयुक्त. इतर बऱ्याच काउंट्यांत याच पदाला सरळ नाल्यांचा आयुक्त म्हणतात. पावसाचं पाणी, गटारं, पूर हे बघणारा माणूस इथं पक्षाच्या तिकिटावर निवडणूक लढवतो.

एक सोय आहे. सगळ्यात वर एका पक्षासमोरचा एकच लंबगोल काळा केला की त्या पक्षाच्या खालच्या सगळ्या उमेदवारांना मत जातं. पण ती खूण मागच्या बाजूला चालत नाही. तिथं न्यायाधीश, शाळा मंडळ, आणि कर किंवा नियमांबद्दलचे प्रस्ताव. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचा प्रकार तर अफलातून आहे. त्यांना उमेदवारी पक्ष आपल्या मेळाव्यात देतात, पण मतपत्रिकेवर नावापुढं पक्ष छापत नाहीत. म्हणजे पक्षाचे, पण पक्षाचे नाहीत. आम्ही दोघं लॅपटॉप उघडून बसलो, एकेक नाव शोधत. शाळा मंडळाच्या उमेदवारांच्या मुलाखती सापडल्या, त्या मी भांडी घासताना ऐकल्या. दूरच्या युद्धांपेक्षा शाळेच्या बसचं वेळापत्रक कोण बदलणार आहे याबद्दल माझं मत जास्त पक्कं निघालं.

नवऱ्यानं सगळं भरून कागद आतल्या पाकिटात घातला, बाहेरच्या पाकिटावर सही केली. त्याची सही मराठीत आहे, लायसनवरही तीच. पाकिटावरची सही नोंदीतल्या सहीशी ताडून बघतात, म्हणून मला जरा धाकधूक होती. क्लार्कच्या कार्यालयाबाहेरच्या, कॅमेऱ्याच्या नजरेखालच्या पेटीत त्यानं पाकीट टाकलं आणि दोन दिवसांत संकेतस्थळावर 'मिळाली' अशी नोंद दिसली. देवनागरीला कुणी हरकत घेतली नाही.

मला मात्र स्वतः जाऊन मत द्यायचं होतं, आणि सासूबाईंनाही. त्या नणंदेमार्फत बऱ्याच वर्षांपूर्वी इथं आल्या, आता आमच्याकडं असतात, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात नागरिक झाल्या. नागरिकत्वाच्या परीक्षेचे शंभर प्रश्न त्यांनी पोथीसारखे पाठ केले होते. सांगलीला त्यांनी एकही निवडणूक कधी चुकवली नाही. इंग्रजी त्या वाचतात, पण डोळ्यांमुळं बारीक अक्षर दिसत नाही. डेट्रॉइटला लागून असलेल्या हॅमट्रॅम्कमध्ये मतपत्रिका बंगालीतही मिळते, कारण तिथं बांगलादेशी मतदारांची संख्या कायद्यात बसते. मराठीला तेवढं संख्याबळ कुठून आणायचं?

२०२२ मध्ये लोकांनीच मंजूर केलेल्या आणखी एका घटनादुरुस्तीमुळं निवडणुकीआधी नऊ दिवस केंद्रात जाऊन मत देता येतं. ते २६ ऑक्टोबरच्या शनिवारी सुरू झालं, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात. नेमकी त्याच दिवशी नोव्हायमध्ये ट्रम्प यांची सभा होती, ग्रँड रिव्हर रस्त्यावरच्या प्रदर्शन केंद्रात. रस्ते तुंबलेले, लाल टोप्यांची गर्दी, पोलिसांच्या गाड्या. सासूबाईंना मी म्हटलं, "आई, सोमवारी जाऊ." त्या म्हणाल्या, "सभा आहे म्हणून मत थांबतं का कुठं? चल." आतल्या रस्त्यांनी गाडी काढली.

केंद्राच्या दाराबाहेर काही अंतरावर दोन्ही पक्षांचे लोक चिठ्ठ्या वाटत होते. शंभर फुटांच्या आत प्रचार करायचा नाही, टोपीसुद्धा नाही. एका माणसाला टोपी काढून गाडीत ठेवून यायला सांगितलेलं आम्ही बघितलं, तो मुकाट्यानं गेला. "आमच्याकडं शंभर मीटर असतं," सासूबाई म्हणाल्या. पण चिठ्ठ्या त्यांनी दोन्ही पक्षांच्या घेतल्या आणि पर्समध्ये नीट ठेवल्या.

रांग बऱ्यापैकी होती. आत टेबलावर दोन्ही पक्षांच्या बाजूचे कर्मचारी बसतात, बहुतेक निवृत्त मंडळी, आपल्याच गल्लीतली. सासूबाईंना मदत लागेल असं सांगितल्यावर तिथल्या गृहस्थांनी आधी त्यांना कारण विचारलं, माझ्याशी न बोलता थेट त्यांच्याशी बोलून. मग माझ्याकडं वळून अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, तुम्ही या मतदाराच्या मालक आहात का, किंवा त्यांच्या कामगार संघटनेच्या पदाधिकारी? कायद्यानं मदतनीसाला हे विचारायचंच असतं, मालकानं किंवा युनियननं दबाव आणू नये म्हणून. मी नाही म्हटलं. सासूबाईंना प्रश्नाचा अर्थ सांगितला, तेव्हा त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की मागच्या रांगेनं वळून बघितलं. "उलटं विचारायला पाहिजे होतं," म्हणाल्या.

आमची मतपत्रिका तिथंच छापून दिली. आडोशामागं उभं राहून मी एकेक नाव वाचून दाखवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, घाई केली नाही. मधेच विचारलं, "ते बेळगावकडचे ठाणेदार कुठं आहेत?" श्री ठाणेदार डेट्रॉइटचे खासदार आहेत, आमचा मतदारसंघ वेगळा. ऐकून त्यांची निराशा झाली. पेन मी त्यांच्याच हातात ठेवलं होतं, बोट मात्र माझं. मागच्या बाजूला शाळा मंडळापाशी त्यांनी मला उमेदवारांची माहिती विचारली आणि माझ्या सल्ल्याच्या अगदी विरुद्ध मत दिलं. नाल्यांच्या बाबतीत तर सांगलीच्या पुराचा अनुभव असलेल्या बाईला मी काय शिकवणार!

कागद यंत्रात गेला की तो कुणाचा हे नंतर कुणालाच शोधता येत नाही. याची प्रचिती दुसऱ्याच दिवशी आली. ॲन आर्बरमध्ये एका चिनी विद्यार्थ्यानं नागरिक नसताना नोंदणी करून मत टाकलं, मग स्वतःच जाऊन विचारलं की ते परत घेता येईल का. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला, पण मत मोजणीतून काढता आलं नाही. ग्रीन कार्डवर असलेल्या ओळखीच्या प्रत्येकाला मी तेव्हापासून सांगते की लायसनच्या कार्यालयात मतदार नोंदणीचा फॉर्म पुढं आला तर हात लावू नका. देशाबाहेर काढण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

५ नोव्हेंबरच्या रात्री आम्ही टीव्हीसमोर होतो. राज्याच्या पश्चिम टोकाच्या चार काउंट्या एक तास मागच्या वेळेत आहेत, त्यामुळं आमची मतदान केंद्रं आठला बंद झाली तरी मिशिगनबद्दल नऊपर्यंत कुणी बोलत नव्हतं. पहाटे विस्कॉन्सिनचा निकाल लागला आणि ट्रम्प जिंकायला लागणाऱ्या २७० इलेक्टोरल मतांच्या पुढं गेले. मिशिगनचा निकाल जाहीर झाला बुधवारी दुपारी, सगळं ठरून गेल्यावर. ज्या १५ मतांसाठी वर्षभर आमची बेल वाजत होती त्यांची अखेर गरजच पडली नव्हती. ट्रम्प इथं सुमारे ८० हजारांनी पुढं होते. पण त्याच कागदावर सिनेटसाठी डेमोक्रॅट एलिसा स्लॉटकिन सुमारे १९ हजारांनी जिंकल्या. म्हणजे एका पक्षाचा अध्यक्ष आणि दुसऱ्याची सिनेटर असं निवडून देणारे, किंवा खालच्या ओळी कोऱ्या ठेवणारे लोक आमच्या आजूबाजूला भरपूर होते. माघार घेतलेल्या केनेडींनाही पंचवीस हजारांहून जास्त मतं पडली होती.

नणंदेचा फोन आला, "मग, कुणी कुणाला दिलं?" नवऱ्यानं लगेच आपलं सांगून टाकलं. मी माझं सांगितलं नाही. आईंनी कुणाला दिलं हे घरात फक्त मला माहीत आहे आणि मदतनीस म्हणून मी ते सांगायचं नाही. नवरा अधूनमधून विचारतो, कधी थेट, कधी आडून. सासूबाई त्याला म्हणतात, "तू माझा मालक आहेस का?"